शोध कुणाचा, सही कुणाची

माझ्या निवृत्तीच्या समारंभात चार जण माझ्याविषयी बोलले आणि चौघांनी माझं काम चार प्रकारे सांगितलं. एक म्हणाले, मॅडम पेटंटचं बघायच्या. दुसरे म्हणाले, उद्योजकता विकासाचं बघायच्या. तिसऱ्यांनी मला सरळ ग्रंथालयात जमा करून टाकलं, कारण माझी खोली ग्रंथालयाच्या मागे होती. चौथे यंत्र विभागाचे विभागप्रमुख. "मॅडमनी सर्वांना नेहमीच सहकार्य केलं," एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता खाली बसले. पाच महिने ते माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे एवढंसुद्धा त्यांना जड गेलं असणार.

म्हणून म्हटलं, निदान दिवाळी अंकात तरी आपलं काम आपणच सांगावं. बारा वर्षं मी ते केलं. त्याआधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, मग घरी अभ्यास करून पेटंट एजंटची परीक्षा दिली. विद्यापीठाने नंदुरबारच्या कॉलेजात ‘नवसंशोधन हस्तांतरण कक्ष’ अशी पाटी लावायचं ठरवलं, तेव्हा पाटीखाली बसायला एक माणूस हवा होता, तो मी झाले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे जुने गठ्ठे हलवून मला खोली दिली. अर्धेच हलवले. उरलेले मी निवृत्त झाले त्या दिवशीही तिथेच होते.

काम तसं सांगायला सोपं आहे. प्राध्यापक शोध लावतात. त्या शोधाचा निबंध छापून येतो, निबंधावर बढती मिळते, आणि शोध कपाटात जातो. तो कपाटातून काढून बाजारापर्यंत न्यायचा. आधी बघायचं, की जगात हे अगोदर कुणी केलंय का. केलं नसेल तर पेटंटचा अर्ज करायचा, म्हणजे हा शोध अमक्याचा, त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने तो बनवून विकू नये, असा सरकारी हक्क मिळवायचा. मग एखादी कंपनी गाठायची, तिला तो हक्क वापरायला द्यायचा आणि तिने वस्तू बनवायची. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचंच काम हे. मुलीकडच्यांना वाटतं आपली मुलगी लाखात एक, मुलाकडच्यांना वाटतं आपण उपकार करतोय, आणि काही बिनसलं की दोन्हीकडचे मिळून मध्यस्थाला शिव्या घालतात.

माझा धाकटा भाऊ कळसाडीला कापूस आणि ऊस करतो. त्याने एकदा विचारलं, "ताई, तू नेमकं करस काय वं?" मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हनजे शोध त्यासना, कारखाना दुसरासना, अन् मझारमा तू. मंग तुले कोन इचारस?" दोघांच्या मधल्या माणसाला कोण विचारतं, हे माझं दुखणं त्याने पहिल्याच फटक्यात ओळखलं.

पेटंटचा पहिला नियम शाळेतल्या पोरालाही कळेल असा आहे. अर्ज दाखल होईपर्यंत तोंड बंद. शोध आधीच चारचौघांत सांगितला, तर तो नवीन राहत नाही आणि हक्क जातो. हे मी प्रत्येकाला सांगत असे, लिहून देत असे, शेवटी खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलंसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्याकडे माणसाला काही चांगलं जमलं आणि ते त्याने सांगितलं नाही, तर लोकांना वाटतं याचं काहीतरी बिघडलंय.

रसायनशास्त्राच्या एका सरांनी मिरचीसाठी एक द्रावण तयार केलं होतं. हंगामात आमच्या शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, एकरच्या एकर लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि वारा फिरला की सगळं गाव शिंकत असतं. वाळताना मिरचीचा रंग उतरतो. सरांच्या द्रावणातून काढून वाळवली की तो उतरत नसे. काम खरंच चांगलं होतं. मी अर्ज तयार केला आणि तो सोमवारी जायचा होता. रविवारी सरांच्या सासुरवाडीला, धानोऱ्याला, त्यांचा सत्कार झाला. मांडव, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. आणि मागच्या बॅनरवर सरांच्या हसऱ्या फोटोशेजारी द्रावणाची पूर्ण कृती छापलेली, कोणता पदार्थ किती ग्रॅम, किती वेळ बुडवायचं. माझ्यापर्यंत त्या बॅनरचा फोटो आला तेव्हा तो अर्ध्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरून आलेला होता.

मी सरांना फोन केला. त्यांनी तो सासऱ्यांच्या हातात दिला, आणि सासरेच माझ्यावर चढले. "मॅडम, मन्हा जवाईनी एवढा मोठा शोध लाया, अन् गावले सांगानं नही? हाई कसं चाली?" जावयाचं कौतुक करणारा सासरा हा काही कायद्याने गुन्हेगार नाही. मी फोन ठेवला आणि अर्जाची फाइल गठ्ठ्यांवर ठेवून दिली.

खांडबाऱ्याचे एक गृहस्थ मात्र दर महिन्याला रेल्वेने येत. त्यांचा शोध म्हणजे विजेशिवाय चालणारा पंप. पाणी पडून चाक फिरणार, चाक फिरून पंप चालणार आणि पंप तेच पाणी पुन्हा वर चढवणार. असं यंत्र होऊ शकत नाही, हे मी त्यांना प्रेमाने सांगितलं, रागाने सांगितलं, आकृती काढून सांगितलं. ते माझी आकृती घडी करून खिशात ठेवत आणि पुढच्या महिन्यात तिच्यात सुधारणा करून आणत. ते प्राध्यापक नसल्याने कक्षाच्या नियमात बसत नव्हते, आणि पंप तर निसर्गाच्याच नियमात बसत नव्हता. पण बारा वर्षांत अर्जाची सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून आलेला हा एकच माणूस मला भेटला. प्राध्यापकांपैकी एकानेही ती उघडली नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं लिहायला बसले, ते सांगते. हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

यंत्र विभागात निकुंभ सर नावाचे एक प्राध्यापक होते. चाळिशीचे, तळमळीचे, हाताला कायम ग्रीस. शहाण्या मराठीत बोलायचे आणि वैतागले की अहिराणीवर यायचे. धडगावच्या वरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात आमचूर करतात, ते त्यांनी एका सहलीत पाहिलं होतं. गावठी झाडांच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, काप करायचे आणि खडकावर वाळवायचे. हे सोलणं आणि कापणं बायकांकडे. कैरीचा चीक आणि आंबटपणा हाताला असा लागतो, की पाच-सहा दिवसांत बोटांची कातडी सोलवटते, तळवे लालबुंद होतात. हंगामात त्या बायकांना तिखट-मिठाच्या कालवणात बोट बुडवता येत नाही, त्या पानाच्या तुकड्याने जेवतात. काम थांबवायचीही सोय नसते, कारण कैरी पिकली की आमचूर गेलं. सगळा खेळ तीन-चार आठवड्यांचा.

सरांनी हाताने फिरवायचं एक मशीन बनवलं. कैरी दोन जबड्यांमध्ये धरायची, दांडा फिरवला की पातं साल काढणार आणि पुढे ढकललं की काप पडणार. हात कुठेच लावायचा नाही. कॉलेजात बाजारातल्या कैऱ्यांवर ते उत्तम चाललं. मग चाचणीसाठी, तेवढी कायद्याला चालते, आम्ही ते घेऊन एका पाड्यावर गेलो, तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष गुलाबीबाई यांच्याकडे. पन्नाशीची, बारीक चणीची बाई, नजर एकदम तीक्ष्ण. घरी पावरी बोलणारी माणसं ही, आमच्याशी बोलताना स्वतःच्या धाटणीची मराठी वापरतात आणि सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, मग तो कलेक्टर असो. मला तर फार बरं वाटायचं ते.

मशीन तिथे साफ फसलं. एक कैरी जबड्यात चिरडली, दुसरी निसटून शेळीसमोर जाऊन पडली. गुलाबीबाई म्हणाली, "ह्याला बाजारचा आंबा लागतो. आमच्या झाडाला दहा आंबे दहा तऱ्हेचे." सरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी मशीन तिथेच ठेवलं, बघा काही जमतं का म्हणाले, आणि आम्ही घाट उतरलो.

पंधरा दिवसांनी परत गेलो तर सरांचे लोखंडी जबडे काढून भिंतीला टांगलेले. त्यांच्या जागी बांबूच्या दोन कामट्या, धनुष्यासारख्या वाकवून सुतळीने बांधलेल्या. लिंबाएवढी कैरी असो की मुठीएवढी, कामट्या तिला नेमकं तेवढंच दाबून धरत. ओळीने बायका बसल्या होत्या, मशीन फिरत होतं, खडकावर पांढरेशुभ्र काप पडले होते. सरांनी पंधरा मिनिटं नुसतं बघितलं. मग मला म्हणाले, "मॅडम, सहा महिने मी ज्यासाठी डोकं आपटत होतो, ते हे आहे." हंगाम संपल्यावर त्यांनी मशीन कॉलेजात आणलं, बांबूच्या जागी पोलादी पट्टी बसवली, वाक मात्र तोच ठेवला. आता त्याला तोड नव्हती.

मी कंपनी शोधली. सुरतेकडची, शेतीची अवजारं बनवणारी. मालक आले, आधी गुप्ततेच्या करारावर सही करून मशीन बघून गेले, फिरवून बघितलं, खूश झाले. पण अट घातली. "बेन, पेटंट होय तो डाय बनावीए, नहीं तो बाजुवाळो काले बनावी नाखशे." खर्च करून साचे आम्ही करायचे आणि उद्या शेजाऱ्याने तेच बनवायचं, हे त्यांना नको होतं. बोलणं रास्त होतं. फेब्रुवारीअखेर अर्ज दाखल झाला, तर एप्रिलच्या शेवटी मशिनं पाड्यावर पोचतील, असं ठरलं. गुलाबीबाईच्या गटाला पहिली पाच.

आणि इथे घोडं अडलं. निकुंभ सरांनी भरून आणलेल्या अर्जात ‘संशोधकांची नावे’ या रकान्यात पाच नावं होती. प्राचार्य, विभागप्रमुख, स्वतः सर, विभागातले एक सहकारी आणि विभागप्रमुखांकडे पीएचडी करणारे एक जण. मी एकेकाचं विचारलं.

"प्राचार्यांनी काय केलं?"

"परवानगी दिली."

"विभागप्रमुखांनी?"

"वर्कशॉपची खोली."

"आणि हे सहकारी?"

"पाड्यावर जायला गाडी त्यांची होती, मॅडम."

पीएचडीवाल्याचं मी विचारलंच नाही. आमच्या खानदेशातली लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, समस्त अमुक परिवार, आणि कुणाचं नाव राहिलं तर तो तीन वर्षं दारावरून जाताना मान फिरवतो. आमच्या प्राध्यापकांना पेटंटचा अर्ज तसाच भरायचा असतो. मानपान सांभाळायचे. वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता भांडता माझ्या नाकी नऊ येत. कायदा म्हणतो, ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली तो संशोधक. खोली देणारा, गाडी देणारा, परवानगी देणारा नव्हे. खोटं नाव घातलं किंवा खरं गाळलं, तर पुढे कुणीही बोट ठेवून सगळं पाडू शकतो.

"आणि गुलाबीबाई?" मी विचारलं.

सर गोंधळले. "त्यांना नाव कशाला लागतं, मॅडम? त्यांना मशीन हवंय."

मी अर्ज परत केला. महिनाभर त्यावर बैठका झाल्या. प्राचार्य एका मिनिटात बाहेर पडले. "माझं नाव कोणी घातलं? मला तर आंबा सोसतसुद्धा नाही," म्हणाले. गाडीवाले सहकारी दुखावले, त्यांनी नमस्कार करणं सोडलं. पीएचडीवाल्याला आपलं नाव होतं हेच ठाऊक नव्हतं. विभागप्रमुख मात्र शेवटपर्यंत चिवटपणे लढले. "मॅडम, माझ्या विभागात काम झालं आणि माझं नाव नाही, लोक काय समजतील?" मी म्हटलं, लोक समजतील की तुम्ही मशीन बनवलं नाही. हे वाक्य मी गिळायला हवं होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला, तो अगदी माझ्या निरोपाच्या भाषणापर्यंत.

शेवटी दोन नावं राहिली. निकुंभ सर आणि गुलाबीबाई. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! पाड्यावरच्या एका बाईचं नाव संशोधक म्हणून सरकारदरबारी लागणार आणि ते मी लावून घेतलं, या विचाराने मी दोन दिवस हवेत होते. खोटं कशाला सांगू, त्यात गुलाबीबाईच्या आनंदापेक्षा माझाच मोठेपणा जास्त होता.

तिची सही हवी होती. ‘ही युक्ती मी स्वतः प्रथम शोधली असून तिचे हक्क विद्यापीठास देत आहे’ असा कागद होता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि निकुंभ सर घाट चढलो. गुलाबीबाई अंगणात मोहाच्या झाडाखाली बसली होती. गटात ती सही शिकलेली, त्यामुळे पेन घेऊन तयारच. पण कागद न समजावता सही घ्यायची नाही, ही माझी बारा वर्षांची खोड. मी एकेक ओळ सोपी करून सांगितली. ‘प्रथम शोधली’ यावर आले, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, आपणहून विचारलं, "बाई, हे कामट्याचं तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही," ती म्हणाली. "तो तर चिमटा हाये."

"कसला चिमटा?"

"हात सोलला की माझी सासू चिमट्यात आंबा धरायची, काम हळू होतं तरी. तिची सासू पण. आमच्यात सगळ्या धरतात. मी तोच तुझ्या मशीनला बांधला."

तिने सुनेला हाक मारली. सुनेने कुडाच्या भिंतीत खोचलेला बांबूचा चिमटा काढून आणला, काळा पडलेला, वाकवलेला. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, आम्ही काय बघतोय ते पाहून आत गेली आणि तिचाही घेऊन आली. तोच वाक, तीच सुतळीची गाठ. अर्जातली आकृती क्रमांक दोन म्हणजे हुबेहूब तो चिमटा होता.

इथे कायद्याचं एक कलम सांगायला हवं. जे ज्ञान एखाद्या समाजात परंपरेने चालत आलेलं आहे, त्यावर कुणालाच पेटंट मिळत नाही. कलम चांगलं आहे. कुणी बाहेरचा येऊन हळदीवर, कडुनिंबावर हक्क सांगू नये म्हणून ते आहे. या बायकांच्याच रक्षणासाठी आहे म्हणा ना. आणि मशीनमध्ये नवीन काय होतं? पातं जुनंच, दांडा जुनाच, साल काढायची यंत्रं बाजारात मिळतात. नवीन होती ती फक्त ती पकड, आणि पकड तर त्या कुडात खोचलेली होती.

सर मला जरा बाजूला घेऊन गेले. आवाज एकदम खाली. "मॅडम, सही ली ल्या ना. कोनले समजनार शे?"

मागे गुलाबीबाई पेन धरून बसलेली. तिने आमच्याकडे बघून विचारलं, "करू का सही? कुठं करू?" आत्ताच जे खोटं आहे असं तिने सांगितलं होतं, त्याच्याखाली ती सही करायला तयार होती, कारण मी आणलेला कागद होता आणि मशीन हवं होतं. मी फार तत्त्वाची बाई आहे असं नाही. सासरी-माहेरी खोटं बोलतेच, ऑफिसातही बोलले आहे. पण त्या कागदाखाली ‘वरील माहिती मी तपासून पाहिली आहे’ अशी माझीही सही लागणार होती, आणि तपासून तर मी आत्ताच पाहिलं होतं. मी तिच्या हातातून पेन घेतलं, कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिला म्हटलं, थोडी दुरुस्ती आहे, नंतर येते. हे मात्र खोटं होतं, आणि ते मी अगदी सहज बोलले.

घाट उतरून आम्ही शहाद्याला आलो. चहाला थांबलो तेव्हा निकुंभ सर कप न उचलता म्हणाले, "सही करी ऱ्हायनी व्हती ती. तुम्ही इचारंच कसाले?" माझ्याकडे उत्तर होतं, कलमासकट होतं. ते त्यांना नको होतं.

चिमट्याचं जे होतं ते मी टिपणात लिहिलं. अर्ज गेला नाही. सुरतेचे मालक सभ्य माणूस, त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि पुढच्या आठवड्यात फोन उचलणं बंद केलं. विभागप्रमुखांनी म्हणे वर्कशॉपमध्ये पेढे वाटले नाहीत एवढंच. मी मार्चमध्ये प्रस्ताव दिला, की पेटंट नाही तर नाही, मशीनची रेखाचित्रं खुली करू, ज्याला बनवायचं तो बनवील. प्रस्ताव ‘अभिप्रायार्थ’ म्हणून पाच टेबलांवर गेला. निदान कॉलेजातलं एक मशीन तरी पाड्यावर देऊ म्हटलं, तर विद्यापीठाच्या समितीने लिहिलं, प्रकरण वादग्रस्त असल्याने वस्तू आवाराबाहेर देऊ नये. शहाद्याच्या एका वर्कशॉपवाल्याला मी आणि सर स्वतः जाऊन भेटलो. तो म्हणाला, "बनावसू ना मॅडम. पन्नासनी ऑर्डर लई या." पन्नासची ऑर्डर द्यायला ना सरांकडे पैसे होते, ना माझ्याकडे. सर त्यानंतर नवीन कशाला हात लावायला तयार झाले नाहीत. आता ते वेळापत्रक समितीवर आहेत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

‘नंतर येते’ म्हणून मी घाटात परत गेले नाही. लाज वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत एप्रिल उजाडला, आणि एका सकाळी मी ऑफिसात बसलेली असताना गुलाबीबाईचाच फोन आला. सुनेच्या फोनवरून. मागे कोंबड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज.

"मॅडम, आंबा लागला. मशीन कव्हा आणते तू?"

मी म्हटलं, "बाई, मशीन नाही यायचं आता."

"का? मोडलं?"

"मोडलं नाही. त्याचा कागद झाला नाही. आणि कागद नाही तर कंपनी बनवत नाही."

"कागद का नाही झाला? मी तर सही करत होती."

बारा वर्षं मी अवघड गोष्टी सोप्या करून सांगण्याचा पगार घेतला. ही गोष्ट मुळातच सोपी होती. मी म्हटलं, "तू चिमट्याचं सांगितलंस ना, सासू धरायची, सगळ्या धरतात. तसं असलं की कागद होत नाही. एकट्या कुणाच्या डोक्यातून निघालेलं लागतं."

तिने मागच्या बायकांना पावरीत काहीतरी सांगितलं, मग मला विचारलं.

"म्हणजे मीच काढलं असं बोलली असती, तर मशीन आलं असतं?"

"हो."

"मग तव्हाच सांगायचं ना," ती म्हणाली. "मी बोलली असती तसं. हात तर आमचे जळते."